जॅकलपासून झाशीपर्यंत : एका महिन्याचं वाचन

२२ ऑगस्ट १९६२ च्या संध्याकाळी पॅरिसजवळच्या पती-क्लामार इथे फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्या गाडीवर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या. द गॉल आणि त्यांच्या पत्नी दोघंही वाचले. कटाचा सूत्रधार बास्तियाँ-तिरी पकडला गेला आणि ११ मार्च १९६३ रोजी त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. फ्रेडरिक फोर्सिथची १९७१ मध्ये आलेली ‘द डे ऑफ द जॅकल’ ही कादंबरी याच पहाटेपासून सुरू होते. हल्ला का फसला, याचं कारण फोर्सिथ पुढे अगदी काट्यावर सांगतो. अंधार कधी पडेल हे बास्तियाँ-तिरीने १९६१ च्या कॅलेंडरवरून काढलं होतं. त्या वर्षी २२ ऑगस्टला आठ पस्तीसला अंधारून आलं होतं, पण १९६२ मध्ये आठ दहालाच आलं. इशारा दिसला नाही, गाडी सुसाट निघून गेली आणि पंचवीस मिनिटांच्या फरकाने इतिहास बदलला.

वाचताना आपण मान डोलावतो आणि पान उलटतो. सूर्य मात्र असा वागत नाही. एका गावात एका तारखेचा सूर्यास्त एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फार तर मिनिटभर मागेपुढे होतो. दोन वर्षांची पंचांगं शेजारी ठेवली की दोन मिनिटांत खात्री पटते. पंचवीस मिनिटांचा फरक पडणं शक्यच नाही. तरीही पन्नासहून अधिक वर्षं हे पान वाचकांना पटत आलं आहे, कारण त्यात ‘आठ पस्तीस’ आणि ‘आठ दहा’ असे आकडे आहेत. ‘जरा लवकर अंधारलं’ एवढंच लिहिलं असतं, तर ते कुणाच्या मनावर ठसलं नसतं.

महिनाभर थरारकथा आणि युद्धाच्या आठवणी एकत्र वाचायच्या, तर सुरुवात या पानापासून करावी असं मला वाटतं. दोन्हीकडे वाचकाला धरून ठेवणारी गोष्ट एकच आहे : अमुक तारखेला, अमुक वाजता, कुणाला काय ठाऊक होतं. थरारकथेचा लेखक हे ठरवतो. आठवणी लिहिणाऱ्याला ते आठवावं लागतं, आणि घोळ तिथेच होतो. शेवट ठाऊक असलेला माणूस मधला दिवस सांगायला बसतो, तेव्हा आजचं शहाणपण त्या दिवशीच्या खिशात कधी जाऊन पडतं, हे त्याचं त्यालाही कळत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वाचकाने मात्र सावध राहायला हवं, आणि ही सावधगिरी सरावाने येते. वाचनाचा क्रम नीट लावला, तर एक महिना त्या सरावाला पुरतो.

आधी हिशोब. थरारकथा तासाला चाळीसेक पानांच्या वेगाने जाते. युद्धाच्या आठवणी नकाशा बाजूला घेऊन वाचल्या, तर तासाला वीस ते पंचवीस पानं होतात. पुस्तक इंग्रजीत असेल आणि इंग्रजी रोजच्या वापरातली नसेल, तर वीसच धरावीत. सतराशे पानांचं वाचन, त्यातली चारशे थरारकथांची, म्हणजे पासष्ट-सत्तर तास होतात. दिवसाला सव्वादोन तास. यात सुटीच्या दिवशी एकदम सहा तास वाचून भरपाई करू, हा बेत नेहमी बिघडतो. थरारकथेला सहा तासांची बैठक मानवते. रणांगणाच्या वर्णनात तिसऱ्या तासानंतर सगळी गावं, सगळ्या टेकड्या आणि सगळे कर्नल एकसारखे वाटू लागतात. रात्री दिवा मालवण्याआधीचा अर्धा तास तर युद्धाच्या पुस्तकाला देऊच नये. झोप उडते, आणि वाचलेलं सकाळी आठवतही नाही.

सामान थोडंच लागतं : मऊ शिशाची पेन्सिल, शंभरपानी वही, ट्रेसिंग पेपरचे चार ताव. पुस्तक वाचनालयाचं असेल, तर समासात खुणा न करता कागदाच्या चिठ्ठ्या घालाव्यात. डिंक लावलेल्या चिकट चिठ्ठ्या जुन्या कागदाला लावू नयेत, काढताना छपाई सोलून निघते. समासात तीनच खुणा करायच्या. ‘पा’ म्हणजे लेखकाने स्वतः पाहिलेलं. ‘ऐ’ म्हणजे त्या वेळीच दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं. ‘मा’ म्हणजे मागाहून कळलेलं. दर परिच्छेदाला खूण करायची गरज नाही, जिथे बदल होतो तिथेच करावी. पहिल्या पन्नास पानांत हे ओझं वाटतं. नंतर डोळ्यांनाच सवय लागते.

ही सवय लावायला ‘जॅकल’ फार उपयोगी आहे. त्यात लेखकाने पत्ते उघडे ठेवले आहेत. कादंबरी लिहिली गेली १९७० च्या सुरुवातीला, तेव्हा द गॉल हयात होते. त्यांचा खून झालेला नाही हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच काही प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. शेवट माहीत असलेली थरारकथा कोण वाचेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर पुस्तकाच्या बांधणीत आहे. ‘मारेकरी यशस्वी होतो का’ हा प्रश्न बाजूला ठेवून फोर्सिथ ‘पोलिसांना हे कधी कळतं’ हा प्रश्न पुढे करतो. जॅकल, म्हणजे द गॉल यांना मारायला निघालेला मारेकरी, एक पाऊल टाकतो, आणि पोलीस अधिकारी लबेल त्याच्या कालच्या पावलापाशी पोहोचतो. वहीचं एक पान उभं दुभागावं. डावीकडे जॅकल कुठे आहे, उजवीकडे लबेलला तो कुठे आहे असं वाटतं. प्रत्येक तारखेला दोन्ही रकाने भरत गेलं की दिसतं, सगळी धडधड या दोन रकान्यांतल्या अंतरात आहे. अंतर कमी होतं तेव्हा आपण खुर्चीत पुढे सरकतो. पुन्हा वाढतं तेव्हा सुस्कारा सोडतो, आणि तो सुस्कारा मारेकऱ्यासाठी असतो हे उशिरा लक्षात येतं.

खोटा पासपोर्ट मिळवण्याची रीत पाहा. लहानपणी वारलेल्या मुलाचं नाव कबरीवरच्या दगडावरून घ्यायचं, त्याच्या जन्माचा दाखला मागवायचा आणि त्या दाखल्यावर पासपोर्टचा अर्ज करायचा. जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद एकमेकींशी पडताळली जात नसे, म्हणून हे जमायचं. ही पळवाट खरी होती आणि कादंबरी आल्यावरही बराच काळ बुजवली गेली नाही. फोर्सिथ पॅरिसमध्ये रॉयटर्सचा बातमीदार होता, त्याची ही कमाई. खऱ्या पासपोर्टच्या शेजारी त्याने सूर्यास्ताची खोटी वेळ ठेवली, आणि खऱ्याची पत खोट्याला मिळाली. वहीत हे लिहून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं.

मराठीत या जागी बाबुराव अर्नाळकर आहेत. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू या मंडळींच्या हजारावर गोष्टी त्यांनी लिहिल्या. जुनी प्रत हाती लागली, तर एका बैठकीत संपते. त्यांच्याकडे पासपोर्टचे बारकावे शोधू नयेत, ती त्यांची वाटच नव्हे. त्यांची ताकद वेगात आहे. दार वाजतं, दिवा जातो, कुणीतरी खोलीत आलेलं असतं, आणि प्रकरण संपतं. वाचनालयाच्या पायरीवर उभ्या उभ्या पहिलं प्रकरण वाचून पुस्तक घरी नेणारा वाचक या गोष्टींनी घडवला. महिन्याच्या आराखड्यात अर्नाळकरांची दोन-तीन पुस्तकं राखून ठेवावीत. दोन जड पुस्तकांच्या मधे एक संध्याकाळ त्यांना दिली, तर डोकं ताजं होतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. सलग युद्ध वाचणाऱ्याची नजर बोथट होते, आणि बोथट नजरेला मृतांचा आकडा नुसता आकडाच दिसतो.

आता १९६२, चीनशी झालेलं युद्ध. महिन्याचे दहा-बारा दिवस इथे जातात आणि जावेत.

दोन पुस्तकं शेजारी ठेवायची. लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचं ‘द अनटोल्ड स्टोरी’ आलं १९६७ मध्ये. ब्रिगेडियर जॉन दळवी यांचं ‘हिमालयन ब्लंडर’ आलं १९६९ मध्ये, आणि सरकारने त्यावर बंदी घातली. कौल नव्याने उभ्या केलेल्या चौथ्या कोअरचे प्रमुख होते. दळवी होते त्यांच्या हाताखालच्या सातव्या ब्रिगेडचे प्रमुख. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी सैन्याने ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीवर याच ब्रिगेडवर हल्ला केला आणि काही तासांत ती उद्ध्वस्त झाली. दळवी २२ तारखेला कैद झाले आणि मे १९६३ मध्ये परतले. पुस्तकाचा संकल्प तिबेटातल्या कैदेतच झाला, असं ते सुरुवातीलाच सांगतात.

कौल यांचं पुस्तक त्यांच्या सगळ्या आयुष्याचं आहे, त्यातली १९६२ ची प्रकरणं पुरेत. दळवी पूर्ण वाचावेत. क्रम प्रकाशनाचाच ठेवावा, म्हणजे कौल आधी. दळवींनी लिहिलं तेव्हा कौल यांचं म्हणणं छापून झालेलं होतं, आणि दळवींच्या कित्येक परिच्छेदांना त्या म्हणण्याला दिलेल्या उत्तराची धार आहे. उलट्या क्रमाने वाचलं, तर ही धार कुणावर रोखलेली आहे तेच कळत नाही.

पण त्याआधी उतरंड कागदावर काढावी. नव्या वाचकाची नव्वद टक्के दमछाक तिच्यामुळे होते. दहाएक जवानांचं सेक्शन, तीसेकांची प्लाटून, शंभर-सव्वाशेंची कंपनी, आठशेच्या आसपासची बटालियन. तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन, आणि त्यावर कोअर. आता नावं भरावीत : सातवी ब्रिगेड दळवींची, तिच्या वर चौथी डिव्हिजन निरंजन प्रसादांची, तिच्या वर चौथी कोअर कौल यांची, त्यावर पूर्व विभागाचे प्रमुख एल. पी. सेन, आणि सर्वांत वर लष्करप्रमुख थापर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कौल यांच्या जागी तेहतिसाव्या कोअरचे उमराव सिंग होते. चिन्यांना तिथून हटवण्याबद्दल त्यांचं मत वेगळं होतं आणि म्हणूनच मधे नवी कोअर उभी राहिली. हा बदल उतरंडीत लाल शाईने दाखवावा. तो नजरेतून निसटला, तर पुढचं काहीच लागत नाही.

मराठी अनुवाद वाचताना इथेच पाय घसरतो. प्लाटूनही ‘तुकडी’, कंपनीही ‘तुकडी’, बटालियनही ‘तुकडी’. ‘तुकडीने टेकडी राखली’ असं वाक्य आलं की राखणारे तीस होते की आठशे, हे कळायला मार्ग नसतो, आणि सगळा पराक्रम किंवा सगळी चूक त्या एका आकड्यावर ठरते. पलटण म्हणजे बटालियन, हा शब्द आपल्या गावागावांत मुरलेला आहे. साताऱ्या-कोल्हापुरात ‘कुठल्या पलटणीत?’ असंच विचारतात. तो तरी वापरावा, बाकीचे इंग्रजी शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवावेत. तोफखाना, रसद, खंदक, मोर्चा, बिनी हे शब्द मात्र जिवंत आहेत, त्यांना बाजूला सारायचं कारण नाही.

मग नकाशा. छापील पुस्तकातला नकाशा बहुधा हाताच्या पंजाएवढा असतो, आणि फोनवर किंवा ई-रीडरवर तो वाचताच येत नाही. ट्रेसिंग पेपरवर आपला आपण काढावा. आडवी नदी म्हणजे नामका चू. तिच्या उत्तरेला थागला डोंगरधार, दक्षिणेला आपल्या बाजूची धार आणि हाथुंग ला खिंड. नदीवर ओंडक्यांचे क्रमांक दिलेले पूल. मागे त्सांगधार, जिथे विमानातून सामान टाकलं जाई आणि त्यातलं बरंच दऱ्याखोऱ्यांत नाहीसं होई. एवढं काढलं की एक गोष्ट न सांगता दिसते : शत्रू वर आहे, आपण खाली आहोत, आणि रसदीची वाट आपल्या पाठीमागे चढणीची आहे. जवानांच्या अंगावर उन्हाळी कपडे आणि प्रत्येकाकडे पन्नास गोळ्या, हे दळवींचं वाक्य या नकाशावर बोट ठेवून वाचावं.

पुलांकडे जरा थांबून बघावं. पावसाळ्यात नदी फुगलेली असताना पूल राखणं म्हणजे नदी राखणं होतं. सप्टेंबरात ठाणी पुलांभोवती बसवली गेली. ऑक्टोबरात पाणी उतरलं, माणूस पायी ओलांडू शकेल इतकं. पूल तिथेच राहिले, त्यांची राखणही तशीच चालू राहिली, पण त्यांचा अर्थ निघून गेला होता. चिनी सैनिक रात्रीतून नदी ओलांडून ठाण्यांच्या बाजूला आणि मागे येऊन बसले. दिल्लीतल्या नकाशावर नदीची रेघ बाराही महिने सारख्याच जाडीची असते. हा एक तपशील कळला, की त्या पराभवावरचे शेकडो तर्क गळून पडतात.

आता समासातल्या खुणा. १० ऑक्टोबरला त्सेंग जाँगची चकमक झाली. नऊ पंजाबचे जवान लढत होते, आणि कौल आणि दळवी दोघंही नदीवर हजर होते. दोघांच्या पुस्तकांत इथे ‘पा’. इथली वर्णनं समोरासमोर ठेवून वाचावीत. माणूस तोच, टेकडी तीच, सकाळ तीच, आणि ‘आता हल्ला करणं शक्य नाही’ हे कुणाला कधी उमगलं यावर दोघांची सांगणी वेगवेगळी. त्यानंतर कौल दिल्लीला गेले. ११ ऑक्टोबरच्या रात्री पंतप्रधानांच्या घरी बैठक झाली. कौल तिथे होते, म्हणून त्यांच्या पुस्तकात ‘पा’. दळवी नदीवर होते, म्हणून त्यांच्या पुस्तकातलं दिल्लीबद्दलचं सगळं ‘ऐ’ किंवा ‘मा’. १२ ऑक्टोबरला नेहरू श्रीलंकेला निघताना विमानतळावर पत्रकारांशी बोलले, आणि आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत, असं जगाला कळलं. पुढे कौल आजारी पडले. २० तारखेच्या पहाटे ते दिल्लीत अंथरुणावर होते. म्हणजे त्या पहाटेबद्दल कौल यांच्याकडे ‘ऐ’ आणि ‘मा’, दळवींकडे ‘पा’.

दोन्ही पुस्तकांतल्या खुणा जुळवल्या की स्वच्छ चित्र दिसतं. दळवी नदीवर अढळ आहेत. कपडे, गोळ्या, पूल, वाटा यांत त्यांना हलवता येत नाही. दिल्लीबद्दल लिहू लागले की त्यांचा आवाज चढतो आणि विशेषणं वाढतात. कौल यांचं उलट. बैठकीत कोण कुठे बसलं, आपण कोणते पर्याय मांडले, हे ते नीट सांगतात. नदीवरच्या शेवटच्या दिवसांबद्दल मात्र वाक्यं आखूड होतात. मला दळवी अधिक पटतात, हे उघड सांगतो. पण दळवींच्या रागाला पुरावा समजू नये. पुरावा पन्नास गोळ्यांत आहे.

या पानांत महाराष्ट्राचा एक धागा आहे. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉ इथे जपान्यांविरुद्ध तीन भारतीय अधिकारी शेजारी शेजारी आपापल्या पलटणी लढवत होते : थिमय्या, सेन आणि आपले एस. पी. पी. थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. पुढे थोरात पूर्व विभागाचे प्रमुख झाले. चीन आला तर काय होईल, याचा ‘लाल किला’ नावाचा सराव त्यांनी १९६० मध्ये घेतला आणि सैन्य अपुरं पडेल असं वर कळवलं. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आले ते कांगॉचेच सेन. थोरातांच्या आठवणी १९८६ मध्ये ‘फ्रॉम रेव्हिली टु रिट्रीट’ या नावाने आल्या. ‘लाल किला’वरची त्यांची पानं दळवींच्या आधी वाचली तरी चालतात. इशारा हल्ल्याच्या आधी कागदावर उतरला होता, म्हणून तिथे ‘मा’ ही खूण लागत नाही. अशी पानं या साहित्यात फार दुर्मीळ असतात. दळवी वाचून मराठीत पुढे जायचं असेल, तर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं १९६२ वरचं ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ घ्यावं.

इथे एक अर्नाळकर.

तिसऱ्या आठवड्यात सेनापतींना सोडून खाली उतरावं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन युजीन स्लेज प्रशांत महासागरातल्या पेलेलिऊ आणि ओकिनावा या बेटांवर साठ मिलिमीटरच्या उखळी तोफेवर होता. हुद्दा साधा शिपायाचा. रोजनिशी ठेवायला मनाई होती, म्हणून तो खिशातल्या छोट्या बायबलमध्ये टिपणं लपवत असे. त्याचं ‘विथ द ओल्ड ब्रीड’ आलं १९८१ मध्ये, लढाईनंतर छत्तीस-सदतीस वर्षांनी. पण टिपणं त्या दिवसांची होती, आणि म्हणून पानापानावर ‘पा’ करत जावं लागतं. पेलेलिऊ तीन-चार दिवसांत पडेल असं वरच्यांनी सांगितलं होतं. १५ सप्टेंबर १९४४ ला सुरू झालेली ती लढाई नोव्हेंबर अखेरपर्यंत चालली. स्लेजला हे ठाऊक नाही, आणि तो पानावरही ठाऊक नसल्यासारखाच राहतो. त्याला पाणी हवं आहे. पोवळ्याच्या खडकावर चाळिशीपार ऊन. पाणी येतं ते तेलाच्या पिंपांतून, आणि पिंपं नीट धुतलेली नाहीत. पाण्याला गंज आणि तेलाची चव. तहानेने ते पितात आणि पोटात पीळ पडतात. रणनीतीच्या शंभर पानांनी जे सांगता येत नाही, ते या पिंपाने कळतं : मागे कुणीतरी घाई केली, आणि पुढच्या माणसाच्या पोटात ती दुखली. हे पुस्तक दिवसाला चाळीस पानांपेक्षा जास्त वाचू नये. रस तुटतो असं नाही, पण सहन होत नाही.

याच आठवड्यात गी साजे या नावाने लिहिलेल्या ‘द फरगॉटन सोल्जर’ या रशियन आघाडीच्या आठवणींचा वाद समजून घ्यावा. फ्रेंच-जर्मन घरातला हा मुलगा जर्मन सैन्यात होता आणि ‘ग्रोसडॉयचलांड’ डिव्हिजनमध्ये लढला, असं तो सांगतो. त्या डिव्हिजनची नावपट्टी उजव्या बाहीवर लावत. साजे लिहितो डाव्या. अशा चुका दाखवून काही लष्करी अभ्यासकांनी सगळं पुस्तकच बनावट ठरवलं. दुसऱ्यांचं म्हणणं, चिखलात आणि भुकेत राहिलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बाही विसरू शकतो. साजे स्वतः म्हणाला की संदर्भग्रंथ लिहायचा त्याचा हेतूच नव्हता. मला या वादात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चुकलेल्या बाहीने एका माणसाची सगळी साक्ष संशयात पडली, आणि चुकलेल्या सूर्यास्ताने ‘जॅकल’ अधिकच खरी वाटली. तपशील एकाच तोलाचे. एका जागी आपण साक्ष ऐकत होतो, दुसऱ्या जागी गोष्ट. साजेच्या पुस्तकात भूक, थंडी आणि भीती यांची पानं ठेवावीत. तारखा आणि ठिकाणं मात्र इतर कुठे जुळल्याशिवाय धरू नयेत.

१९७१ साठी चार दिवस पुरतात. पाकिस्तानी सैन्याचा प्रसिद्धी अधिकारी सिद्दीक सालिक ढाक्यात होता. त्याचं ‘विटनेस टु सरेंडर’ १९७७ चं, घटनेपासून सहा वर्षांवरचं. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांचं ‘सरेंडर ॲट ढाका’ १९९७ चं, सव्वीस वर्षांवरचं. सालिकच्या पानांत वरून आलेले आशेचे निरोप आणि खाली सुटत जाणारी ठाणी यांतली फट दिवसागणिक रुंदावते. पुन्हा तेच दोन रकाने, जॅकल आणि लबेलचे. जेकब यांच्याकडे ढाका हे लक्ष्य ठरवलं कुणी हा मुद्दा आहे. दिल्लीच्या आदेशात भर खुलना आणि चितगाववर होता, असं ते म्हणतात. वाचताना एवढंच ध्यानात ठेवावं, की सव्वीस वर्षांत श्रेयाची वाटणी होऊन गेलेली असते आणि उशिरा लिहिणारा तिच्याशीही भांडत असतो.

शेवटचा आठवडा विष्णुभट गोडसे यांचा. ‘माझा प्रवास’ शाळेच्या वयात धडा म्हणून वाचलेलं असेल तर बरंच, पण या महिन्यानंतर ते वेगळं पुस्तक होतं.

पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाला. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल. वाटेत बंड गाठ पडलं. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझने झाशीला वेढा घातला तेव्हा गोडसे शहरात अडकलेले होते. त्यांच्याकडे उतरंड नाही, नकाशा नाही, कोणती पलटण कुठून चढली याचा पत्ता नाही. स्लेजसारखंच, जिथे उभे होते तिथून दिसलं तेवढंच. शहर पडल्यावरच्या लुटीचं वर्णन पाहा. आधी सोनंनाणं जातं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. कुठल्याही इतिहासकाराने ‘शहर लुटलं गेलं’ असं एक वाक्य लिहिलं असतं. गोडसे भिक्षुक होते, दारोदार घरांतली चीजवस्तू बघायची त्यांच्या नजरेला सवय होती, म्हणून लुटीचा क्रम टिकला.

लिहिलं कधी? १८८३ मध्ये, चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून. म्हणजे पाव शतकानंतर. आणि छापलं गेलं १९०७ मध्ये, वैद्यांनी काटछाट करून, भाषा बदलून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. साठ वर्षं मराठी वाचकाने गोडसे म्हणून जे वाचलं त्यात वैद्यांचा हात होता. इंग्रजी राज्यात छापायचं म्हणजे काही गोष्टी गाळाव्या लागणार, हे समजण्यासारखं आहे. पण तीन खुणांच्या जोडीला इथे चौथी हवी : ‘सं’, संपादकाने घातलेलं किंवा बदललेलं. त्यासाठी दोन्ही प्रती लागतात. वैद्यांची सहज मिळते. पोतदारांच्या पाठावरची प्रत घेताना प्रस्तावना उघडून ती कोणत्या संहितेवरून छापली आहे, हे आधी पाहावं. मुखपृष्ठावरून ते कळत नाही.

दोन्ही पूर्ण ताडून बघायला महिना नाही, तीन-चार दिवस आहेत. एक जागा निवडावी. काल्पीच्या बाजूला पहाटे एका विहिरीपाशी गोडसे पाणी काढत असतात आणि राणी येते. पुरुषी वेश, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. गोडसे पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती त्यांना थांबवते, स्वतः दोरी हाती घेते आणि मातीच्या मडक्यातलं पाणी ओंजळीने पिते. सगळं मिळून पान-दीड पान. पेन्सिल घेऊन वैद्यांची प्रत डावीकडे ठेवावी, मूळ पाठ उजवीकडे. एकेक वाक्य जुळवत जावं : ओंजळ दोन्हीकडे आहे का, मडकं आहे का, राणीच्या तोंडचे शब्द कुठे लांबले, कुठे आखडले. एका संध्याकाळी दहा ओळी होतात.